कॅन्सस सिटी म्हणजे नक्की केवढं गाव? ५ लाख, दीड लाख की २२ लाख?

नौपाडाकर_काका

नमस्कार मंडळी. मुलीची कंपनीतून अमेरिकेत कॅन्सस सिटीला बदली झालीये, पुढच्या महिन्यात निघेल. आता ती पॅकिंगमध्ये आणि आम्ही दोघं इथे नौपाड्यात नकाशा उघडून बसलोय, आणि जितकं बघतो तितका गोंधळ वाढतोय म्हणून इथे विचारतोय.

एका ठिकाणी लोकसंख्या ५ लाख लिहिलीये. दुसरीकडे दीड लाख. तिसरीकडे २२ लाख. तिन्ही ठिकाणी नाव कॅन्सस सिटीच. नकाशावर बघितलं तर कॅन्सस सिटी दोन आहेत, एक मिसुरी राज्यात आणि एक कॅन्सस राज्यात, एकमेकींना चिकटून, आणि मोठी आहे ती कॅन्ससमध्ये नाहीच! त्यात आणखी एक नॉर्थ कॅन्सस सिटी पण सापडली. मुलगी म्हणते ऑफिस डाउनटाउनला म्हणजे मिसुरीत, पण फ्लॅट ओव्हरलँड पार्क नावाच्या ठिकाणी बघितलाय ते कॅन्ससमध्ये. मी म्हटलं रोज एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नोकरीला? तर म्हणे बाबा पंचवीस मिनिटं लागतात.

बायकोचा प्रश्न साधा आहे, गाव ठाण्याएवढं आहे का बदलापूरएवढं. कोणी राहून आलं असेल तर जरा नीट समजावून सांगा, गुगलची लिंक नको.

चेकनाका_मुलुंड

काका तुम्ही नौपाड्यात राहता आणि हे विचारता 😄 चेकनाका ओलांडला की मुंबई संपते पण कळतं का कोणाला? आमच्या मुलुंडला पाणी मुंबई महापालिकेचं आणि लाईट तुमच्यासारखीच महावितरणची. तसंच असेल काहीतरी.

उलवेवाला

काका, चार वर्षं काढलीत तिथे, आता उलव्याला असतो. वरचे मुलुंडकर गंमत करतायत पण मुद्दा बरोबर आहे. तुमचे तिन्ही आकडे खरे आहेत, फक्त तीन वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत.

५ लाख म्हणजे मिसुरीतल्या कॅन्सस सिटी महापालिकेची हद्द, २०२० च्या जनगणनेत ५,०८,०९०. दीड लाखवाली कॅन्ससमधली कॅन्सस सिटी, १,५६,६०७. आणि २२ लाख म्हणजे मेट्रो एरिया, म्हणजे मधलं शहर अधिक आजूबाजूच्या ज्या काउंटींमधून लोक रोज कामाला ये-जा करतात त्या सगळ्या धरून. २०२० ला अशा १४ काउंटी धरल्या होत्या, ९ मिसुरीतल्या आणि ५ कॅन्ससमधल्या, एकूण जवळपास २१ लाख ९२ हजार. काउंटी म्हणजे आपल्याकडचा तालुका-जिल्हा यांच्या मधलं काहीतरी समजा. आपल्याकडे मुंबई महानगर प्रदेश म्हणतात ना, ज्यात नऊ महापालिका येतात, त्यातलाच प्रकार. फरक इतकाच की आपल्याकडे त्याच्यावर एमएमआरडीए बसलीये जी पूल आणि मेट्रो बांधते, तिथे मेट्रो एरिया हा मुळात मोजणीचा शब्द आहे, त्याला कोणी महापौर वगैरे नाही. प्रत्येक गावाचा महापौर वेगळा, पोलीस वेगळे.

आता नावाची भानगड. मूळ गाव मिसुरीतलंच. १८५० ला टाउन ऑफ कॅन्सस, १८५३ ला सिटी ऑफ कॅन्सस. तेव्हा कॅन्सस नावाचं राज्य अस्तित्वातच नव्हतं, ते झालं १८६१ ला. नाव आलं कॅन्सस नदीवरून आणि नदीला ते तिथल्या कान्झा आदिवासींवरून. पलीकडची कॅन्सस सिटी नंतरची, मोठ्या बहिणीचं नाव लावून घेतलेली.

आणि सीमा. मिसुरी नदी उत्तरेकडून येते, कॅन्सस नदी पश्चिमेकडून (लोक तिला कॉ म्हणतात), दोघींचा संगम होतो तिथून मिसुरी पूर्वेला वळते. संगमाच्या उत्तरेला नदी हीच दोन राज्यांची हद्द. पण दक्षिणेला नदी नाहीच, संगमाच्या जागेवरून सरळ उत्तर-दक्षिण पट्टीने आखलेली रेघ आहे. खाडी नाही, डोंगर नाही, काही नाही, नुसती रेघ. त्या रेघेवर पुढे स्टेट लाइन रोड नावाचा रस्ता झालाय, डाव्या हाताची घरं एका राज्यात आणि उजव्या हाताची दुसऱ्या. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काहीतरी कमान, बोर्ड, नाका दिसेल म्हणून बघत राहिलो आणि मित्र म्हणाला अरे गेलं कधीच. आपली ठाण्याची खाडी मध्ये आहे म्हणून ऐरोली आणि मुलुंड वेगळे वाटतात तरी, तिथे तेही नाही. संगमाजवळ कॉ पॉइंट म्हणून छोटी बाग आहे, १८०४ ला पश्चिमेकडचा मुलूख शोधायला निघालेली लुइस आणि क्लार्कची मोहीम तिथे मुक्कामाला होती, तिथे उभं राहिलं की पायाखाली कॅन्सस आणि नदीपलीकडे मिसुरीतलं डाउनटाउन. मुलीला सांगा एकदा जाऊन ये, सगळा नकाशा एका नजरेत कळतो.

वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर मात्र अवघड आहे. मिसुरीतल्या कॅन्सस सिटीचं क्षेत्रफळ सव्वाआठशे चौरस किमी आहे. आपली मुंबई, शहर आणि उपनगर दोन्ही जिल्हे मिळून, सहाशेच्या आसपास. म्हणजे मुंबईपेक्षा मोठं गाव आणि माणसं पाच लाख! चौरस किमीला सहाशेच्या थोडी वर. ठाणे महापालिका १४७ चौरस किमी, २०११ च्या जनगणनेला १८ लाख ४१ हजार, म्हणजे चौरस किमीला बारा हजारांच्या वर. त्यामुळे आकड्याने बघाल तर ठाण्यापेक्षा बरंच लहान, गाडी चालवाल तर संपत नाही. गावाभोवती ४३५ नंबरचा हायवे गोल फिरतो तोच सव्वाशे किमीच्या वर आहे, म्हणजे ठाण्याहून निघून पुणं जवळ यावं इतका.

ता.क. नॉर्थ कॅन्सस सिटी ही वेगळी नगरपालिका, चार-साडेचार हजार वस्तीची. १९४७ पासून पुढे पंधरा-सोळा वर्षं मोठ्या कॅन्सस सिटीने नदीपलीकडची गावंच्या गावं हद्दीत घेतली, पण हे गाव आधीपासून स्वतंत्र होतं म्हणून तसंच राहिलं. आपल्या शिळफाट्याकडच्या चौदा गावांची आठवण येते, नवी मुंबईत घेतली, काढली, परत घेतली. तिथे निदान एकदाच काय ते ठरलं.

ऐरोलीची_लेक

मी सध्या ओव्हरलँड पार्कलाच राहते, तिसरं वर्ष. काका काळजी करू नका, तुमची मुलगी अगदी आमच्यासारख्यांच्या वस्तीत येतेय. इथे आसपास इंडियन ग्रोसरी आहेत, हिंदू मंदिर शॉनी नावाच्या गावात आहे. गोडा मसाला मात्र घरूनच द्या.

ओव्हरलँड पार्कचं सांगायचं तर १९६० साली गाव म्हणून नोंद झाली, म्हणजे आपल्या सिडकोच्या फक्त दहा वर्षं आधीचं, आणि २०२० ला १,९७,२३८ लोक. म्हणजे कॅन्ससमधल्या दीड लाखवाल्या कॅन्सस सिटीपेक्षा हे उपनगर मोठं आहे. शेजारी ओलेथ, तिथे जीपीएसवाल्या गार्मिन कंपनीचं मुख्य ऑफिस. ही सगळी गावं ज्या जॉन्सन काउंटीत येतात तिची वस्ती ६,०९,८६३, म्हणजे मिसुरीतल्या खुद्द कॅन्सस सिटीपेक्षाही एक लाखाने जास्त. नाव एकाचं आणि माणसं दुसरीकडे. माझी आई म्हणते तसं, लग्नपत्रिकेवर आजोबांचं नाव आणि खर्च काकाचा.

पत्ते शोधायला अगदी सोपं आहे, आडव्या रस्त्यांना नंबर आहेत आणि दक्षिणेला जाल तसे ते वाढत जातात, ७५, ९५, ११९, १३५ असे, आणि राज्य बदललं तरी नंबर बदलत नाही, मिसुरीतला ९५ नंबरचा रस्ता सीमा ओलांडून कॅन्ससमध्ये पण ९५ च. (कॅन्ससवाल्या कॅन्सस सिटीत मात्र उभ्या रस्त्यांना नंबर आहेत, तिथे डोकं लावू नका.) आपल्याकडे वाशीला सेक्टर १७, नेरुळला पण सेक्टर १७, आमच्याकडे आलेला डिलिव्हरीवाला दोनदा कोपरखैरण्यातून फोन करतो.

एक महत्त्वाचं. मिसुरीतली कॅन्सस सिटी शहरात कमावलेल्या पगारावर १ टक्का वेगळा टॅक्स घेते, राहायला बाहेर असलात तरी. मी पहिल्या वर्षी स्लिप बघून एचआरला मेल केला की हे काय चुकून कापलंय. चुकून नव्हतं. शिवाय राहणं एका राज्यात आणि काम दुसऱ्यात म्हणजे दोन्ही राज्यांचे रिटर्न भरायचे. मिसुरीत भरलेल्याचं क्रेडिट कॅन्सस देतं, त्यामुळे राज्याचा टॅक्स दोनदा बसत नाही, पण कागद दुप्पट. तिला आधीच सांगून ठेवा.

आणि महिन्याच्या पहिल्या बुधवारी सकाळी ११ ला भोंगे वाजतात. टॉर्नेडोच्या सायरनची टेस्ट असते. मला कोणी सांगितलं नव्हतं, मी भात कुकरमध्ये ठेवून मोबाईल चाळत बसलेली आणि अचानक हा आवाज, थेट ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपनीच्या भोंग्यासारखा, मी गॅस बंद करून खिडकीशी. खाली एक आजोबा शांतपणे कुत्रा फिरवत होते.

नौपाडाकर_काका

उलवेवाला, ऐरोलीची लेक, मनापासून धन्यवाद. बायकोला वाचून दाखवलं, भोंग्याचं ऐकून ती जरा गप्प झालीये पण ठीक आहे.

आता एक नवीन शंका. मी रिटायर्ड माणूस, वेळ आहे म्हणून जुने जनगणनेचे आकडे काढले. मिसुरीतल्या कॅन्सस सिटीचे १९७० ला ५,०७,०८७ दिसतात. २०२० ला ५,०८,०९०. पन्नास वर्षांत एक हजार माणूस वाढला? घोडबंदर रोडला एका टॉवरच्या पझेशनला तेवढे येतात. हे टायपिंग चुकलंय का?

जुनं_ठाणं

चुकलेलं नाही, मधले आकडे पण बघा. १९९० ला ४,३५,१४६ होते. म्हणजे वीस वर्षांत सत्तर हजार कमी झाले आणि मग तीस वर्षं लागली भरून यायला. तेही शहराने एवढी जमीन हद्दीत घेतलेली असून. त्याच काळात जॉन्सन काउंटी सव्वादोन लाखांच्या आतबाहेर होती ती सहा लाखांवर गेली. म्हणजे माणसं कमी झाली नाहीत, रेघेपलीकडे गेली.

का गेली, तर गोरी माणसं आधी गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे. सी. निकोल्स म्हणून तिथला मोठा बिल्डर होता, कंट्री क्लब प्लाझा हा शॉपिंगचा भाग त्याचाच. त्याच्या वसाहतींच्या खरेदीखतातच अट असायची की घर काळ्या माणसाला विकायचं नाही. अशा अटी कोर्टातून बजावता येणार नाहीत असा निकाल अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९४८ ला दिला (ते प्रकरण पण मिसुरीतलंच, सेंट लुइसचं) पण तोवर शहराची विभागणी पक्की झाली होती. ट्रूस्ट अ‍ॅव्हेन्यू नावाचा उभा रस्ता आहे, त्याच्या पूर्वेला काळी वस्ती आणि पश्चिमेला गोरी, आजही नकाशावर रंग भरले तर तो रस्ता उठून दिसतो. म्हणजे उलवेवाल्यांनी सांगितलेली स्टेट लाइन ही एक सीमा झाली, जी कागदावर आहे. दुसरी कुठल्याच सरकारी नकाशावर नाही पण गावात सगळ्यांना माहिती. २०२० ला प्लाझाजवळच्या कारंज्यावरून निकोल्सचं नाव काढलं.

आपण नाकं मुरडायची गरज नाही, मी स्वतः पाचपाखाडीत भाड्याने घर शोधताना आडनाव विचारून झाल्यावर 'तुम्ही मासे खाता का' हे ऐकलेलं आहे.

उलवेवाला

ट्रूस्टचं बरोबर आहे, पण सगळंच त्याच्यावर ढकलू नका. हायवे झाले, पलीकडे जमीन स्वस्त आणि मोकळी, शाळा चांगल्या, मग ज्याला परवडलं तो गेला. आता जाणारे आपले लोक शाळांचं रँकिंग बघूनच जॉन्सन काउंटीत घर घेतात, कुठली अट वाचून नाही.

आणि कंपन्या पण उड्या मारायच्या. कॅन्ससने टॅक्समध्ये सूट दिली की मिसुरीतली कंपनी दोन-चार मैल सरकून पलीकडे, मग मिसुरीने दिली की परत अलीकडे. कर्मचारी तेच, घर तेच, फक्त गाडी डावीकडे वळवायची का उजवीकडे एवढं बदलायचं, आणि दोन्ही राज्यं सांगणार आम्ही नोकऱ्या आणल्या. २०१९ ला दोघांनी हे थांबवायचं ठरवलं.

जुनं_ठाणं

आज रँकिंग बघून घेतात हे मान्य, पण त्या शाळा तिथे चांगल्या का झाल्या, पैसा आधी कोण घेऊन गेलं, हा प्रश्न राहतोच. असो, काकांच्या धाग्यावर भांडायला नको.

चेकनाका_मुलुंड

भांडा की, मी चहा घेऊन बसलोय.

नौपाडाकर_काका

भांडण नाही हो, उलट मला आता कुठे गाव दिसायला लागलंय. बायकोला असं सांगितलं की पोरगी राहणार मुलुंडला, नोकरी ठाण्याला, आणि विमानतळ तिकडे भिवंडीच्या बाजूला. बरोबर का?

ऐरोलीची_लेक

😂 चालेल. विमानतळ डाउनटाउनपासून पंचवीसेक किमी वायव्येला, तो पण मिसुरीत आणि शहराच्याच हद्दीत. २०२३ ला नवीन टर्मिनल झालंय, एकदम चकाचक. पण लोकल नाही हां काका, ट्राम आहे ती डाउनटाउन ते प्लाझाच्या पट्ट्यात, फुकट आहे, पण ओव्हरलँड पार्कपर्यंत येत नाही. गाडी येईपर्यंत कोणाची तरी लिफ्ट बघावी लागेल, मी आहे, तिला माझा आयडी द्या.

आणि पार्सल पाठवाल तेव्हा पत्त्यात राज्य नीट लिहा, केएस म्हणजे कॅन्सस, एमओ म्हणजे मिसुरी. तिचा पिन ६६ ने सुरू होत असेल, ६४ ने सुरू झाला की समजा मिसुरीत गेलं. माझ्या आईने पहिल्या दिवाळीला नुसतं कॅन्सस सिटी लिहून पुढे एमओ टाकलं, चकल्या अकरा दिवस फिरून आल्या आणि आल्या तेव्हा त्यांचा चिवडा झालेला.