तेच ड्रायव्हर, नवा कपॅसिटर, भाव मात्र गगनाला

मिलीओहम: 'रसिक' यांनी काल लिहिलं, "स्पीकरच्या क्रॉसओव्हरचे कपॅसिटर बदलले आणि आवाजावरचा पडदाच उठला. महाग मॉडेल उगाच महाग नसतात." नवख्यांसाठी: क्रॉसओव्हर म्हणजे स्पीकरच्या आतलं सर्किट; ते उंच सूर ट्वीटरला, म्हणजे छोट्या ड्रायव्हरला, आणि खालचे सूर मोठ्या ड्रायव्हरला वाटून देतं. हे पडदे किती दिवस उठणार? बॉवर्स अँड विल्किन्सने २०२० मध्ये ७०२ सिग्नेचर हा स्पीकर काढला. ड्रायव्हर आधीच्या ७०२ एस२ चेच. क्रॉसओव्हरमध्ये मुंडॉर्फ कंपनीचे कपॅसिटर आणि बाहेरून देखणं व्हिनियर (लाकडाचा पातळ थर), की किंमत चढली. मायक्रोफॅरड (कपॅसिटरचं माप) तेवढेच ठेवून एक चांगला फिल्म कपॅसिटर काढून दुसरा महागडा बसवला, तर ट्वीटरला कळणार कसं? ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्येच दाखवलंय की स्पीकर डोळ्यांसमोर असले की लोक वेगळे गुण देतात आणि पडद्याआड ठेवले की वेगळे.

रसिक: मीटर लावून गाणं ऐकणाऱ्यांना काय सांगायचं! माझे स्पीकर नव्वदच्या दशकातले. पुण्याच्या तपकीर गल्लीत हिंडून फिल्म कपॅसिटर आणले, स्वतः डाग दिले. तानपुऱ्याची जवारी आधी नुसती गुणगुण वाटायची, आता तार न् तार सुटी ऐकू येते.

मिलीओहम: म्हणजे आत जुने इलेक्ट्रोलिटिक (आत द्रव असलेले) कपॅसिटर होते! ते वाळतात, त्यांचा अंतर्गत रोध वाढतो, ट्वीटर दबतो. तुम्ही दुरुस्ती केलीत आणि पावती सिग्नेचरवाल्यांच्या नावाने फाडताय. शिवाय पन्नाशीनंतर बारा हजार हर्ट्‌झच्या वरचं फारसं ऐकू येत नाही, तेही लक्षात घ्या.

रसिक: वय काढायचं काम नाही. कान माझे, पैसे माझे.

बाराबाय१२: दोघंही खोलीबद्दल बोलत नाही. माझी खोली ३.६ मीटर लांब, ४८ हर्ट्‌झला नुसती घुमते. कपॅसिटर सोन्याचा घातला तरी घुमणारच. जाड पडदे लावा.

मिलीओहम: पडद्याने ४८ हर्ट्‌झ जात नाही हो. स्पीकर सरकवा, बसायची जागा बदला.

शाहूपुरी: जवारीचं निघालंच आहे तर बोलतो. आमच्या गणेशोत्सवात गाणाऱ्या बाईंच्या मागे दोन सुरेल तानपुरे. साउंडवाल्याने बेस असा चढवला की तबल्याचा डग्गा पोटात वाजत होता, तानपुरे नुसते दिसत होते. घरात लाखाचे स्पीकर लावून हीच मंडळी मांडवात माना डोलावतात!

फेडर: मी वीस वर्षं मांडवात आवाज लावतोय. तानपुऱ्याचा माइक जरा उचलला की शिट्टी मारतो. त्यात गायक खुणा करणार, "मॉनिटर वाढवा", म्हणजे त्यांच्यासमोरचा स्पीकर. मागे जनरेटर. तुम्ही या एकदा कन्सोलवर.

शाहूपुरी: मग बेस कोण चढवतं? जनरेटर?

फेडर: मंडळाचे अध्यक्ष. वर्गणीचा हिशोब त्यांच्याकडे असतो.

रसिक: अहो, विषय स्पीकरचा आहे! मिलीओहम, क्रॉसओव्हरमधल्या लोखंडी गाभ्याच्या कॉइलबद्दल गप्प का?

मिलीओहम: घ्या, तेवढं दिलं. जोरात वाजवलं की गाभा संपृक्त होतो, म्हणजे आणखी चुंबकत्व पेलत नाही, तिथे हवेच्या गाभ्याची कॉइल खरंच बरी. पण रोध तोच ठेवायचा तर तांबं जास्त लागतं, म्हणून महाग. त्याचे पैसे देईन. व्हिनियरचे तुम्ही द्या.

रसिक: आभारी आहे, न्यायाधीश महाराज. रविवारी घरी या, चादरीआड ठेवून ऐकवतो.

फेडर: चादर पातळ घ्या, नाहीतर ट्वीटर दबला म्हणून पुन्हा भांडाल.