पश्चिमेच्या दार-खिडक्यांसाठी विजेवर चालणारे रोलर शटर: मोटर कोणती घ्यावी?

जुळे_सोलापूरकर
नमस्कार. आमच्या घराचे बांधकाम गिलाव्यापर्यंत आले आहे. दिवाणखान्याचे मोठे दार (२.४ मीटर रुंद, २.१ मीटर उंच) आणि शेजारच्या दोन खिडक्या पश्चिमेला असल्यामुळे मे महिन्यात दुपारी तिथे उभे राहवत नाही. पडदा ऊन काचेच्या आत आल्यावर अडवतो, म्हणून बाहेरून अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचे शटर बसवायचे आहे. ते मोबाईलवरून चालावे आणि ठरलेल्या वेळी आपोआप खाली यावे, अशी अपेक्षा आहे. एक विक्रेता रिमोट आणि अ‍ॅप असलेला तयार संच सुचवतो, तर दुसरा साधी तारेची मोटर. आई-वडील अ‍ॅप वापरणार नाहीत, त्यामुळे भिंतीवर बटण हवेच. वीज गेल्यावर काय करायचे, हेही कृपया सांगावे.

वायरमन_होटगी_रोड
गिलाव्याआधी विचारलेत हे उत्तम. प्रत्येक शटरपर्यंत चार तारांची स्वतंत्र केबल टाकून घ्या: न्यूट्रल, वर, खाली आणि अर्थिंग. आपल्याकडे स्विचच्या पेटीत बहुधा न्यूट्रल आणलेला नसतो आणि नंतर भिंत फोडावी लागते. पेटीही खोल घ्या, नाहीतर आत रिले (मोबाईलच्या आदेशावर मोटर चालू-बंद करणारा छोटा स्विच) मावणार नाही.

आता मोटरची ताकद. दार सुमारे ५ चौरस मीटरचे आहे. फोम भरलेल्या पट्ट्यांचे वजन चौरस मीटरला साधारण ३ ते ३.५ किलो धरले, तर तळपट्टीसह १८ किलो होतात. पूर्ण गुंडाळीची त्रिज्या ८ सेंटिमीटर धरल्यास १४ न्यूटन-मीटर (फिरवण्याच्या ताकदीचे माप) लागतात. आपल्याकडची धूळ बाजूच्या पट्ट्यांत साचून घर्षण वाढते, म्हणून २० किमान समजा आणि जमल्यास ३० घ्या. लहान खिडक्यांना १० पुरते. दुकानाच्या लोखंडी शटरची मोटर कोणी गळ्यात मारू पाहील, ती घेऊ नका.

माझे मत साध्या तारेच्या मोटरकडे आहे. अ‍ॅप किंवा कंपनी बंद पडली तर भिंतीतला रिले तासाभरात बदलता येतो. मोटर बदलायची म्हणजे वरची पेटी उघडणे आले. रिले मात्र शटरसाठीच बनवलेला हवा, कारण त्यात ‘वर’ आणि ‘खाली’ या दोन्ही तारांना एकाच वेळी वीज जाऊ नये याची सोय असते. दोन सुटे स्मार्ट स्विच लावून पैसे वाचवायला जाल, तर मोटर जळेल. आई-वडिलांचे बटणही याच रिलेला जोडता येते.

झिगबीवाला
खिडक्यांबाबत सहमत आहे, दाराबाबत नाही. दाराखाली माणूस किंवा खुर्ची असू शकते, म्हणून तिथे अडथळा लागताच थांबणारी इलेक्ट्रॉनिक मोटर घ्यावी आणि दार वेळापत्रकात घालूच नये. कोणी बाहेर गॅलरीत असताना ते खाली आले तर पंचाईत होईल. तयार संचांतील ४३३ मेगाहर्ट्‌झचे स्वस्त रिमोट बहुधा एकतर्फी असतात, म्हणजे शटर खरोखर खाली आले की नाही हे अ‍ॅपला कळत नाही. रिलेसुद्धा ‘५० टक्के’ हे केवळ वेळ मोजून ठरवतो. मध्येच वीज गेली की त्याचा अंदाज चुकतो आणि एकदा पूर्ण वर नेऊन हिशेब जुळवावा लागतो. झिगबीला (उपकरणे जोडणारी एक बिनतारी पद्धत) हब, म्हणजे सगळ्यांना जोडणारे मधले यंत्र, लागतो, पण स्थानिक हबवर इंटरनेट बंद असतानाही वेळापत्रक चालते. मॅटर या २०२२ मध्ये आलेल्या, स्मार्ट उपकरणांच्या सामाईक मानकातही खिडकीच्या आवरणांचा समावेश आहे, तेव्हा तो शिक्का असलेला रिले मिळाल्यास पुढची अडचण कमी.

जुळे_सोलापूरकर
दोघांचेही आभार. दोन्ही खिडक्या एकाच रिलेवर जोडल्या तर चालेल का?

वायरमन_होटगी_रोड
नाही. एक मोटर आधी टोकाला पोचून बंद झाली की दुसरीच्या कपॅसिटरमुळे उलट्या तारेवर विद्युतदाब येतो आणि पहिली विनाकारण हलू लागते. टोकाला मोटर थांबवणारे लिमिट स्विचही खराब होतात. रिले वेगळे ठेवा, अ‍ॅपमध्ये गट करा.

वीज गेल्यावर हाताने फिरवायच्या दांड्याची सोय असलेली मोटर दाराला तरी घ्याच. ही सोय मागाहून बसत नाही आणि दांड्याचे भोक कुठून येणार हे गिलाव्याआधी ठरते. इन्व्हर्टरवरही चालेल, कारण भार दीडशे-दोनशे वॅटचा आणि तोही अर्ध्या मिनिटाचा; पण इन्व्हर्टर साइन वेव्ह असावा. आई-वडिलांना एवढे सांगून ठेवा की सलग चार-पाच मिनिटे वर-खाली केल्यास मोटर तापून स्वतःच थांबते आणि वीस मिनिटांनी पुन्हा चालू होते, तेव्हा लगेच मिस्त्रीला फोन करू नये.