पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या संचालक मंडळासाठी उमेदवारी करावी का?

वेताळटेकडी (प्रश्न)

नमस्कार. मी पुण्यात एका खासगी कंपनीत नोकरी करतो. नोकरी सांभाळून गेली काही वर्षे पायथन या संगणकभाषेची एक लहान लायब्ररी (इतरांना वापरता येईल असा तयार कोडचा संच) चालवतो, शहरातील पायथन गटाच्या बैठकांना नियमित जातो आणि सांगली, कोल्हापूर, सोलापूर या बाजूच्या महाविद्यालयांत मराठीतून कार्यशाळा घेतो. पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या संचालक मंडळावरील तीनचार जागांसाठी दरवर्षी निवडणूक होते आणि त्यासाठी स्वतःचे नाव स्वतः सुचवण्याची मुभा आहे, हे कळल्यापासून उमेदवारीचा विचार मनात घोळतो आहे.

माझ्या शंका अशा आहेत. मी पायथनच्या मूळ विकासकांपैकी, म्हणजे भाषेचा गाभा घडवणाऱ्यांपैकी, नाही. मग मंडळावर माझा उपयोग काय? तीन वर्षांची मुदत ही नोकरी करणाऱ्या माणसाला झेपण्यासारखी जबाबदारी आहे का? उमेदवारी अर्जासोबत द्यायच्या निवेदनात नेमके काय लिहावे? आणि ओळखीच्या लोकांकडे मत मागणे अशा संस्थेत शोभून दिसते का? ज्यांना अशा कामाचा अनुभव आहे किंवा ज्यांनी या निवडणुका जवळून पाहिल्या आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

इतिवृत्तवाचक

आपण मूळ विकासक नाही, ही अडचण नाहीच. भाषेत काय बदल व्हावेत, हे संचालक मंडळ ठरवत नाही. पायथनचे जनक गिडो व्हान रॉसम यांनी जुलै २०१८ मध्ये भाषेविषयीच्या अंतिम निर्णयाची जबाबदारी सोडल्यानंतर ते काम पाच जणांच्या स्टिअरिंग कौन्सिलकडे गेले. पहिली कौन्सिल २०१९ च्या आरंभी निवडून आली आणि तिला मूळ विकासक निवडतात. फाउंडेशन ही मात्र २००१ मध्ये स्थापन झालेली, अमेरिकी कायद्यानुसार करमुक्त असलेली सार्वजनिक हिताची संस्था आहे. पायथनचे बौद्धिक संपदा हक्क व बोधचिन्ह सांभाळणे, पायपीआय हे पॅकेजांचे (तयार लायब्रऱ्यांचे) ऑनलाइन भांडार चालू ठेवणे, अमेरिकेतील पायकॉन परिषद भरवणे आणि जगभरच्या पायथन उपक्रमांना अनुदान देणे ही तिची कामे. रोजचा कारभार पगारी कर्मचारी व कार्यकारी संचालक पाहतात. मंडळाने दिशा ठरवायची, अंदाजपत्रक मंजूर करायचे, कारभारावर देखरेख ठेवायची आणि वेळ आली तर कठीण निर्णयाखाली आपले नाव घालायचे. संचालकांना मानधन नसते.

कठीण निर्णय म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर २०२५ चे वर्ष पाहावे. पायपीआयची सुरक्षा वाढवण्यासाठी फाउंडेशनने नॅशनल सायन्स फाउंडेशन या संशोधनाला निधी देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेकडे प्रस्ताव दिला होता. तो मंजुरीच्या शिफारशीपर्यंत पोहोचला आणि दोन वर्षांत १५ लाख डॉलर मिळण्याची शक्यता निर्माण झाली. ज्या संस्थेचे वर्षाचे अंदाजपत्रक सुमारे ५० लाख डॉलरचे आणि कर्मचारी चौदाच्या आसपास, तिला ही रक्कम किती मोठी होती, हे सांगायला नको. परंतु अनुदानासोबत अशी अट आली की विविधता, समता व समावेशन यांना चालना देणारे कोणतेही उपक्रम संस्थेने चालवू नयेत. ही अट केवळ त्या प्रकल्पापुरती नव्हती, संस्थेच्या सर्व कामाला लागू होती, आणि अट मोडल्याचे ठरल्यास आधी खर्च झालेले पैसेही परत मागण्याचा अधिकार सरकारकडे राहणार होता. फाउंडेशनच्या ध्येयविधानातच विविध आणि आंतरराष्ट्रीय समुदायाच्या वाढीस साहाय्य करण्याचा उल्लेख आहे. मंडळाने एकमताने प्रस्ताव मागे घेतला आणि ऑक्टोबरमध्ये तसे जाहीर केले.

मला तो निर्णय योग्य वाटतो. पण माझ्या मताला येथे महत्त्व नाही. अशी वेळ आली तर आपण काय केले असते, कोणते आकडे मागवले असते आणि विरोधी बाजूचा कोणता मुद्दा गंभीरपणे घेतला असता, याचे उत्तर आपल्याकडे असले पाहिजे, कारण पैसा आणि ध्येय यांची अशी गाठ पुन्हा पडणारच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वर्षासाठी ठरवलेली रक्कम संपल्यामुळे, फाउंडेशनला अनुदान कार्यक्रम काही काळ थांबवावा लागला होता. आपल्यासारखे कार्यशाळा घेणारे लोक ज्या निधीकडे आशेने पाहतात तोच हा निधी. मंडळावर गेल्यावर तो वाढवण्याची मागणी करणे सोपे आहे. मात्र तो वाढवताना पायपीआयच्या सुरक्षेचे की कर्मचाऱ्यांच्या पगाराचे पैसे कमी करायचे, हेही त्याच बैठकीत सांगावे लागते.

म्हणून माझी सूचना अशी की अर्ज भरण्याआधी मंडळाची मागील दोन वर्षांची इतिवृत्ते वाचा. ती प्रसिद्ध केली जातात. त्यासोबत संस्थेचे वार्षिक अहवाल आणि अमेरिकेच्या करखात्याकडे दरवर्षी भरावा लागणारा फॉर्म ९९० हेही पाहा. अशा संस्थांचा हा फॉर्म सर्वांना पाहण्यासाठी खुला असतो. उत्पन्नाचा केवढा भाग परिषद आणि प्रायोजक यांच्यावर अवलंबून आहे, हे त्यातून लक्षात येईल. २०२० मध्ये कोविडमुळे पिट्सबर्गची पायकॉन प्रत्यक्ष भरवता आली नाही, तेव्हा अशा अवलंबनाचा धोका सर्वांना दिसला. ही कागदपत्रे वाचताना कंटाळा आला तर तो गांभीर्याने घ्यावा, कारण संचालकाचे बरेचसे काम अशाच वाचनाचे असते.

नदीपलीकडे

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. मतदानाच्या पद्धतीविषयी थोडे लिहितो, कारण प्रचाराच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात दडलेले आहे.

या निवडणुकीत मतदार आपल्याला योग्य वाटतील तितक्या उमेदवारांना मान्यता देऊ शकतो. क्रम लावायचा नसतो आणि मते जागांइतकीच द्यावीत असेही बंधन नसते. ज्यांना सर्वाधिक मान्यता मिळतात ते निवडून येतात. अशा पद्धतीत थोड्या लोकांचा आत्यंतिक पाठिंबा पुरत नाही. आपल्याला न ओळखणाऱ्या, दुसऱ्याच कोणासाठी मत द्यायला आलेल्या सदस्याने निवेदन वाचून "हाही चालेल" असे म्हणावे लागते. त्यामुळे मित्रांची फौज उभी करण्यापेक्षा निवेदन स्पष्ट लिहिणे अधिक फलदायी ठरते. ग्नोम फाउंडेशनमध्ये (लिनक्ससाठीचा ग्नोम डेस्कटॉप सांभाळणारी संस्था) पसंतीक्रम देऊन मतदान होते, तेथे गणित वेगळे असते.

दुसरी बाब मतदारांची. नुसती मोफत नोंदणी केलेल्या सदस्याला मत नसते. वर्षाला ९९ डॉलर भरणारे सहायक सदस्य (ज्यांना तेवढे परवडत नाही त्यांच्यासाठी सवलतीचा दर आहे), महिन्याला किमान पाच तास पायथनसाठी स्वयंसेवा करणारे योगदानकर्ते सदस्य आणि फेलो (विशेष योगदानाबद्दल गौरवलेले सदस्य) यांना मताधिकार आहे. आपण ज्या कार्यशाळा घेता त्या स्वयंसेवेच्या अटीत बसू शकतात; म्हणजे आपल्यासोबत शिकवणाऱ्या अनेकांना एक रुपयाही न भरता मतदार होता येईल. शिवाय मतदार सदस्याने त्या वर्षी मत देण्याचा इरादा ठरलेल्या मुदतीत कळवावा लागतो. आदल्या वर्षी मत दिले असेल तर तो गृहीत धरला जातो. ही मुदत दरवर्षी कितीतरी लोकांच्या नजरेतून सुटते आणि मग मतपत्रिका आलीच नाही अशी तक्रार ऐकू येते.

मत मागण्यात गैर काही नाही. आपण उभे आहोत, आपले निवेदन येथे आहे, ते इतरांच्या निवेदनांसोबत वाचून निर्णय घ्यावा, एवढे कळवणे उचितच आहे. मात्र आपल्याला मत मिळावे एवढ्यासाठी निवडणुकीच्या तोंडावर लोकांना घाऊक सदस्य करून घेणे मला अजिबात मान्य नाही. महाराष्ट्रातील पतपेढ्या आणि सहकारी संस्थांच्या निवडणुकांत हे आपण पुष्कळ पाहिले आहे आणि त्याने संस्थांचे काय होते तेही पाहिले आहे. सदस्य जरूर वाढवा, पण ते वर्षभर वाढवा आणि आपण उमेदवार नसतानाही वाढवा.

कृष्णाकाठची

मी दोघांपेक्षा थोडे वेगळे मत मांडते. कागदपत्रांचे महत्त्व मान्य करूनही, आपल्या उमेदवारीचे बलस्थान त्या कार्यशाळांत आहे, असे मला वाटते. भारतात पायकॉन २००९ पासून होते, २०१७ मध्ये पुण्यातही पायकॉन झाली. तरीही सांगली किंवा सोलापूरच्या महाविद्यालयात, ज्या विद्यार्थ्याला इंग्रजी पाठ्यपुस्तक वाचतानाच अर्धी शक्ती खर्च करावी लागते, त्याच्यापर्यंत हे वर्तुळ अजून पोहोचलेले नाही. अनुदानाचे नियम ठरवणाऱ्यांपैकी एकाला तरी हे ठाऊक असावे की येथील लहान कार्यशाळेचा खर्च चारपाचशे डॉलरांतही भागू शकतो, परंतु पैसे परदेशातून येणार असतील तर ते घ्यायचे कोणाच्या खात्यात, हाच प्रश्न सर्वांत मोठा असतो. भारतात विश्वस्त संस्थेला किंवा नोंदणीकृत मंडळाला परदेशी देणगी घ्यायची तर विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि लहान गटांकडे ती बहुधा नसते. ही अडचण अमेरिकेत बसून आपोआप कळत नाही. ती सांगणारा माणूस मंडळावर असणे हाच फरक आहे.

मात्र "मी भारताचा प्रतिनिधी" अशी भूमिका घेऊ नये. निवडून आलेला संचालक कोणत्याही देशाचा किंवा मालक कंपनीचा प्रतिनिधी नसतो. संस्थेच्या हिताशी एकनिष्ठ राहण्याचे कायदेशीर कर्तव्य त्याच्यावर येते. ग्नोमसारख्या संस्थेत तर एकाच कंपनीशी संबंधित संचालकांचे प्रमाण ४० टक्क्यांवर जाऊ नये, असा नियमच आहे. आपल्या भागाचा अनुभव मंडळापुढे आणणे वेगळे आणि आपल्या भागासाठी वाटा मागणे वेगळे, हा भेद निवेदनातून वाचणाऱ्याला जाणवला पाहिजे.

वेताळटेकडी (प्रश्नकर्ता)

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. गेल्या दोन वर्षांची इतिवृत्ते वाचायला घेतली आहेत. अनुदानांविषयीचे ठराव वाचताना कृष्णाकाठची यांचा मुद्दा पटला. दोन गोष्टी अजून विचारतो. निवेदनात अनुदानाच्या अडचणीवर ठोस उपाय सुचवावा का, की नवख्या माणसाने तसे आश्वासन देऊ नये? आणि नोकरीच्या ठिकाणी कोणाची परवानगी घ्यावी लागेल?

इतिवृत्तवाचक

ठोस लिहा, पण आश्वासनाच्या भाषेत लिहू नका. एकटा संचालक काहीही मंजूर करू शकत नाही. त्याला एक मत असते. "लहान रकमेच्या अनुदानासाठी वेगळी, सोपी प्रक्रिया असावी असे मला वाटते, त्याची कारणे ही आहेत आणि तिचा खर्च व धोका मला असा दिसतो" एवढे लिहिणारा उमेदवार मला मोठमोठी स्वप्ने मांडणाऱ्यापेक्षा विश्वासार्ह वाटतो. आपण घेतलेल्या एखाद्या कार्यशाळेचा जमाखर्च थोडक्यात दिलात तर उत्तमच, कारण हिशेब ठेवणारा माणूस मतदारांना ओळखता येतो. इंग्रजी साधे असले तरी चालते. मुद्दा धूसर असला तर चालत नाही. वेळेविषयीही खरे लिहावे. मंडळाची बैठक महिन्यातून एकदा होते, संचालक वेगवेगळ्या खंडांत असल्याने ती आपल्याकडे गैरसोयीच्या वेळी येऊ शकते, आणि बैठकीव्यतिरिक्त उपसमित्यांचे व वाचनाचे काम असते ते निराळेच. तीन वर्षे हे निभेल की नाही, हे घरच्यांशी बोलून ठरवा.

नदीपलीकडे

नोकरीबद्दल: नेमणुकीच्या करारात बाहेरील संस्थेवर संचालकपद घेण्याविषयी कलम आहे का, ते आधी पाहावे. बहुतेक माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत ते असते आणि मानधन नसले तरी लागू होते. परवानगी तोंडी न घेता मनुष्यबळ विभागाकडून लेखी घ्यावी, आणि निवडून आल्यानंतर नव्हे तर अर्ज करण्यापूर्वी घ्यावी. अर्जात आपली कंपनी व अन्य हितसंबंध उघड करावेत. कंपनी फाउंडेशनची प्रायोजक असेल तर ते आवर्जून लिहावे आणि तिच्याशी संबंधित ठरावाच्या वेळी मतदानापासून दूर राहावे. फॉर्म ९९० मध्ये संचालकांची नावे येतात, तेव्हा हे पद सार्वजनिक नोंदीत राहणार हेही ध्यानात असू द्या.

हा धागा वाचणाऱ्यांत कोणी सरकारी सेवेत किंवा सरकारच्या मालकीच्या अथवा नियंत्रणाखालील संस्थेत असेल, तर त्यांनी एक जास्तीची काळजी घ्यावी. परदेशातील बैठकीसाठी प्रवास व निवासाचा खर्च परदेशी संस्थेने केला तर ते विदेशी अंशदान कायद्याच्या कलम ६ खाली परदेशी आदरातिथ्य ठरते आणि त्याला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. खासगी कंपनीतील कर्मचाऱ्याला हे कलम लागू नाही, त्यामुळे आपल्याला कंपनीचे पत्र पुरेल. ते मिळायला महिनाभर लागू शकतो, म्हणून नामनिर्देशन सुरू होण्याची वाट न पाहता विनंती आताच करून ठेवा.