'आइदागारा'ला मराठीत काय म्हणावे?

अनुस्वार : जपानी तत्त्वज्ञ वात्सुजी तेत्सुरो (1889–1960) यांच्या नीतिविचारावरील लेखाचा अनुवाद करताना 'आइदागारा' (माणसामाणसांच्या मधले जे असते ते) या शब्दापाशी माझे अडले आहे. माणूस आधी एकटा असतो आणि मग इतरांशी संबंध जोडतो, हे वात्सुजींना मान्य नव्हते. आईबापांना आईबाप करते ते मूलच, तेव्हा संबंध आधीचा, असे ते म्हणत. मी 'परस्परसंबंध' लिहिले होते, संपादकांनी त्याचे 'आंतरमानवीयता' केले. यातून वाचकाला काही कळेल का?

तिठा : काही कळणार नाही. मात्र 'परस्परसंबंध' म्हणताच दोन सुटी माणसे आधी गृहीत धरली जातात, म्हणजे वात्सुजींनी जे नाकारले तेच मागच्या दाराने आत येते. साधे 'नाते' का नको?

मोडीवाचक : नाते रक्ताचे किंवा सोयरिकीचे असते, दुकानदार आणि गिऱ्हाईक यांचे 'नाते' ही अलीकडची वर्तमानपत्री भाषा आहे. 'आइदा' म्हणजे मधली जागा, त्यामुळे मी 'अंतर' सुचवतो. मराठीत अंतर म्हणजे दुरावा, अंतर म्हणजे मन, आणि 'मला अंतर देऊ नका' असे म्हणणारा तर संबंधच राखायला सांगत असतो.

तिठा : कोशात शोभेल, पण छापील पानावर 'अंतर' वाचून सामान्य वाचकाला किलोमीटरच आठवतील.

पाणवठा : त्याआधी 'निंगेन' पाहावा. जपानीत माणसाला निंगेन म्हणतात, आणि तो लिहिताना 'माणूस' व 'मध्ये' अशी दोन चिन्हे येतात. चिनी बौद्ध ग्रंथांत ही जोडी 'मनुष्यलोक' या अर्थी होती. जपानीत ती एकट्या माणसालाही लागू झाली, आणि या दुहेरी अर्थावरच वात्सुजींनी 1934 च्या पुस्तकात आपली मांडणी उभी केली. आपला 'माणूस' तरी कुठे एकटा आहे? माझी आजी लांबलेल्या दुखण्यातून उठून ओटीवर येऊन बसली, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "आता कशा माणसांत आलात!" आपण माणसे जोडतो, आणि ज्याला ती नकोशी होतात त्याला माणूसघाणा म्हणतो.

मोडीवाचक : आमचे गुरुजी सांगत, की जो दुसऱ्याचा मान राखतो तो माणूस.

अनुस्वार : गुरुजींची व्युत्पत्ती गोड आहे, पण शब्द संस्कृत 'मानुष'वरून आला आहे. आणि माझा प्रश्न आइदागाराचा होता.

तिठा : दोन चिन्हांवरून माणसाचे स्वरूप ठरवणे हेही गुरुजींच्याच वाटेने जाणे नव्हे काय? वात्सुजींच्या मते व्यक्ती समूहाला नाकारून वेगळी होते आणि मग ते वेगळेपण नाकारून समूहात परतते. या दोन्ही हालचालींच्या तळाशी त्यांनी बौद्धांची शून्यता, म्हणजे कशालाही स्वतःचे स्वतंत्र अस्तित्व नसणे, ठेवली. मांडणी देखणी आहे, पण त्यांच्या 'रिनरीगाकु' (नीतिशास्त्र) या ग्रंथाचा दुसरा खंड युद्ध चालू असताना, 1942 मध्ये आला आणि त्यात राज्यसंस्थेला फार मोठे स्थान आहे. मग माणूसघाण्याने कुठे जायचे?

पाणवठा : त्या दुसऱ्या नकारानंतर व्यक्ती पुन्हा वेगळी होऊ शकते, कारण ही ये-जा थांबत नाही, हे आपण गाळले. शिवाय माणूसघाणा ठरायलासुद्धा आजूबाजूला माणसे लागतातच.

तिठा : ये-जा कागदावर आहे. 1942 मध्ये परत निघण्याची वाट कोणाला मोकळी होती, ते सांगावे.

मोडीवाचक : राज्यसंस्थेचे राहू द्या, 'अंतर'वर अजून कोणी नीट आक्षेप घेतलेला नाही.