जुनी गॅस मोटरहोम घ्यायचीय, ६ माणसांसाठी कुठला ब्रँड बघावा?

पारिजात_एनजे:
नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत असतो. मी, नवरा, मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ४ ची आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत सासूसासरे साताऱ्याहून येतायत. मागच्या वेळी ते आले तेव्हा विमान, हॉटेल, भाड्याची व्हॅन असं करत यलोस्टोन केलं, पण सासूबाईंचे गुडघे, दर दोन तासांनी बाथरूम शोधणं आणि सासऱ्यांची शुगर, त्यांना वेळच्या वेळी घरचं जेवण लागतं, ह्यातच निम्मी ट्रिप गेली. तेव्हाच ठरवलं की पुढच्या वेळी स्वयंपाकघर आणि बाथरूम सोबतच न्यायचं.
बजेट साधारण ५५ हजार डॉलर. डिझेलवाल्या त्यात बसत नाहीत, त्यामुळे गॅसच (म्हणजे पेट्रोल, पुण्याच्या मैत्रिणीला सिलेंडरवर चालणारी गाडी वाटली म्हणून लिहितेय). २०१२ ते २०१७ मधली, क्लास ए (बससारखी) किंवा मोठी क्लास सी (व्हॅनच्या पुढच्या भागावर बांधलेली). आत्तापर्यंत लिस्टमध्ये विनेबागो व्हिस्टा, टिफिन अलेग्रो, थॉर हरिकेन, फ्लीटवूड बाउंडर आणि न्यूमार बे स्टार. नवरा टिफिनवर अडून बसलाय, त्याच्या ऑफिसातले एक जण म्हणाले थॉर अजिबात नको. ज्यांनी खरंच वापरल्यात त्यांनी सांगा, फॅमिलीसाठी काय घ्यावं?

ओहायोचा_भटक्या:
ताई, आमची ही दुसरी गाडी, ९ वर्षं झाली ह्या नादाला. एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, तुमच्या लिस्टमधल्या पाचही गाड्यांच्या खाली त्या वर्षांत फोर्डचीच एफ-५३ चॅसी (खालचा सांगाडा) आणि ६.८ लिटरचं व्ही-१० इंजिन आहे. ७.३ लिटरचं व्ही-८ त्यानंतर, २०२० च्या सुमारास आलं. म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक ह्यात ब्रँडचा फरक जवळपास नाहीच, फरक आहे तो वरच्या घरात. छत कशाचं, कपाटं कशी जोडलीत, वायरिंग कसं ओढलंय, पाइप कुठून नेलेत.
आता वरच्या घराबद्दल. टिफिन आणि विनेबागोचं छत फायबरग्लासचं असतं, बऱ्याच स्वस्त गाड्यांवर रबराचं असतं त्याला जास्त जपावं लागतं. टिफिन, न्यूमार आतून दणकट असतात, लाकूडकाम चांगलं, पण त्या पैशात तुम्हाला ३-४ वर्षं आणखी जुनं मॉडेल मिळणार. विनेबागोचं मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे त्यांच्या साइटवर जुन्या मॉडेलचे पार्ट्सचे आणि वायरिंगचे नकाशे वर्षवार मिळतात, जुनी गाडी घेणाऱ्याला ह्याच्यासारखा आधार नाही, रात्री ९ वाजता पंप बंद पडला की तेच उघडून बसायचं. टिफिनवाले अलाबामातल्या रेड बेला फॅक्टरीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी घेऊन जातात, लोक तिथेच कॅम्प टाकून राहतात, पण न्यू जर्सीहून तुम्हाला ते किती जमेल बघा.
थॉर "अजिबात नको" हे मला पटत नाही. हरिकेनच्या ३४जे मॉडेलमध्ये मुलांना बंक (एकावर एक बेड) आहेत आणि पैशाच्या मानाने जागा भरपूर. विंडस्पोर्ट म्हणजे तीच गाडी दुसऱ्या नावाने, सर्चमध्ये दोन्ही टाका. तसंच व्हिस्टा शोधताना इटास्का सनस्टार पण शोधा, इटास्का हा विनेबागोचाच ब्रँड होता, खूप जणांना माहीत नसतं म्हणून कधीकधी स्वस्त मिळते.
आमची पहिली गाडी आम्ही ब्रँड बघून घेतली, नाव चांगलं, आतून चकाचक, आणि दुसऱ्या पावसाळी वीकेंडला बेडरूमच्या स्लाइडखालची (खोलीचा बाहेर सरकणारा भाग) जमीन पायाखाली दबायला लागली. ओल आधीपासून होती, वर नवीन लिनोलियम टाकलं होतं. दुरुस्तीला जवळजवळ ७ हजार गेले आणि त्या उन्हाळ्यात आईबाबा इथे असून कुठेच जाता आलं नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून कळकळीने सांगतो, सुकी गाडी शोधा, ब्रँड नंतर.

केटीकर_मीनल:
मी टेक्सासहून. वरचं सगळं बरोबर, पण मुलगी ४ वर्षांची आहे ना, मग पहिला प्रश्न बेडचा नाही, बेल्टचा. "झोपायला ८" लिहिलेलं असतं आणि सीट बेल्ट निघतात ५ किंवा ६. त्यातले दोन-तीन आडव्या (बाजूला तोंड असलेल्या) सोफ्यावर. आडव्या सोफ्यावर मुलांची कार सीट लावायची नाही, मागे तोंड असलेल्या डिनेटच्या (जेवणाच्या टेबलाच्या) बाकावरही नाही. पुढे तोंड असलेल्या बाकावरच, आणि तिथेही गादी उचलून बघायचं की बेल्ट लोखंडाला बोल्ट केलाय का नुसत्या प्लायवूडच्या खोक्याला. आम्ही ११ गाड्या बघितल्या त्यातल्या फक्त ३ मध्ये मला समाधान वाटलं. गाडी बघायला जाताना तुमची कार सीट सोबत न्या आणि खरंच लावून बघा, विकणाऱ्याला घाई असली तरी.
आम्ही शेवटी क्लास सी घेतली, फोर्ड ई-४५० वरची जेको ग्रेहॉक. पुढे एअरबॅग असतात, एफ-५३ वरच्या क्लास ए मध्ये बहुतेक नसतात. क्लास सी चा तोटा म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावरचा बेड, तिथे पुढच्या जोडावर पाणी शिरतं, गादी बाजूला करून कोपऱ्यात हात फिरवा. आणि तिथे आजीआजोबा चढू शकत नाहीत हे सांगायला नकोच.

पारिजात_एनजे:
मीनल, खूप खूप आभार, हे बेल्टचं आमच्या डोक्यातच नव्हतं. काल लिस्टमधल्या दोन गाड्या ह्याच कारणाने काढल्या, त्यातली एक टिफिन होती, नवरा जरा हिरमुसला पण मुलीचं नाव काढल्यावर लगेच पटलं त्याला.
आता पेनसिल्व्हेनियात एक २०१४ ची इटास्का सनस्टार मिळालीय, ४१ हजार मैल, पुढे तोंड केलेल्या बाकावर २ बेल्ट आहेत असं मालक म्हणतो. ३ पायऱ्या आहेत दाराला. शनिवारी बघायला जातोय. काय काय बघू?

लाल_माती:
मी जॉर्जियाचा, निवृत्तीनंतर पूर्णवेळ ह्याच गाडीत राहतो. क्रमाने लिहीत नाही, जसं आठवेल तसं.
मालकाला आदल्या दिवशीच सांगा की इंजिन आणि जनरेटर दोन्ही थंड ठेवा. व्ही-१० थंड असताना सुरू केल्यावर टिकटिक आवाज आला तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपचा) बोल्ट तुटलेला असू शकतो, तापलं की तो आवाज लपतो. जनरेटर लावून एसी चालू करा आणि अर्धा तास तसाच ठेवा, नुसता सुरू होऊन उपयोग नाही, लोड घ्यायला पाहिजे. फ्रीज आदल्या रात्रीच चालू करायला सांगा, स्वयंपाकाच्या गॅसवर चालणारे फ्रीज थंड व्हायला रात्र घेतात आणि बदलायचा झाला तर महाग.
टायरवर डीओटी ह्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या नंबरात शेवटचे ४ आकडे म्हणजे बनवल्याची तारीख, १८१६ असेल तर २०१६ चा १८ वा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसली तरी ७ वर्षांवरचे टायर बदलायचे असं धरूनच भाव करा, सहा टायर आहेत.
दाराच्या आत वजनाचं लेबल असतं, माणसं आणि सामान मिळून किती चालेल ते. तुम्ही ६ जण, त्यात पाणी भरलं की गॅलनला ८.३ पौंड, ७५ गॅलनची टाकी म्हणजे ६०० पौंडांच्या वर. कणीक, तांदूळ, कुकर, आजोबांची खुर्ची सगळं त्यातच. बऱ्याच लांब गाड्यांना हा आकडा फार कमी असतो.
तुमच्याकडे बर्फ पडतो त्यामुळे हिवाळ्याआधी पाइप गोठू नयेत म्हणून त्यांत गुलाबी अँटिफ्रीझ भरत होते का ते विचारा, आणि पाणी भरून पंप चालू करून सगळे नळ बंद ठेवा. पंप मधूनच गुरगुरला तर कुठेतरी गळतंय. खाली वाकून रस्त्यावर बर्फासाठी टाकतात त्या मिठाचा गंजही बघा. स्वयंपाकाच्या गॅसची गळती सांगणारा डिटेक्टर ५ ते ७ वर्षांत बाद होतो, मागे तारीख असते, फोडणी द्यायच्या आधी तो नवीन लावा.
आणि एवढ्या लांबीची गाडी सगळीकडे जात नाही. ग्लेशियर नॅशनल पार्कला गोइंग-टू-द-सन रोडच्या डोंगरातल्या भागात २१ फुटांवरची गाडी सोडतच नाहीत. आजीआजोबांना ते दाखवायचं असेल तर तिथे शटल.

ओहायोचा_भटक्या:
दादांनी सगळंच लिहिलं. विनेबागोची म्हणून एक जादा, त्यांच्या फायबरग्लास छताची कड बाजूच्या भिंतीवरच्या खोबणीत बसवलेली असते आणि वर सीलंट. ते सीलंट तडकलं की पाणी आत जातं आणि जोरात वारा लागला तर कड सुटून येते. दोन्ही बाजू, पूर्ण लांबी. भिंतीला कुठे फुगा आलाय का तेही हात फिरवून बघा, उन्हात तिरकं बघितलं की दिसतो. एकदा तुम्हाला पसंत पडली की पैसे देण्याआधी सर्टिफाइड आरव्ही (म्हणजे मोटरहोमचा) इन्स्पेक्टर बोलवाच.

पारिजात_एनजे:
इन्स्पेक्टरला सोमवारसाठी विचारून ठेवलंय. कार सीट, टॉर्च आणि मोजपट्टी गाडीत टाकली. पायऱ्यांची उंची मोजून सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवणार आहे, साताऱ्याच्या घरातल्या जिन्याएवढी आहे का ते त्याच सांगतील. छताची कड खालून दिसेल का शिडी न्यावी लागेल?

ओहायोचा_भटक्या:
शिडी न्या. गाडीला मागे शिडी असते पण तिच्यावरून फक्त मागचा भाग दिसतो, पुढच्या काचेच्या वरचा कोपरा दिसत नाही, आणि तिथेच आधी तडकतं. फोटो इथे टाका, रात्री बघून लगेच सांगतो.