मदत हवी आहे: डक्टमधून रात्रभर फुत्कार येतोय, घुबड आहे का?

कोथरूड_गॅलरी:
सोसायटी कोथरूडला, वेताळ टेकडीच्या उताराला लागून. अंधार पडला की डक्टमधून खरखरीत फुत्कार सुरू होतो तो पहाटेपर्यंत. एकेक फुत्कार सेकंद-दोन सेकंदांचा, कधी दोन-तीन एकदम. पाइपवर पांढऱ्या विष्ठेचे ओघळ आहेत, तळाशी अंगठ्याएवढ्या काळ्या चकचकीत गोळ्या. समोरच्या आंब्यावरून मात्र वेगळाच आवाज येतो: 'व्हट्', काही सेकंदांनी पुन्हा 'व्हट्'. फोनवर रेकॉर्ड केलं तर फुत्कार जवळजवळ गायब. आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन अ‍ॅपही काही सांगत नाही. कबुतरांमुळे डक्टला जाळी लावायची आणि उंदरांना औषध टाकायचं असं कमिटीत चाललंय. सभेत मांडायला नेमके मुद्दे हवे आहेत.

टेकडीकर:
गव्हाणी घुबडाची पिल्लं आहेत. मोठा पक्षी उडता उडता एखादी लांब किंकाळी देतो. तासन्‌तास चालणारा फुत्कार हा पिल्लांचा, खायला मागण्याचा.

गोळ्या म्हणजे विष्ठा नव्हे. न पचलेली हाडं आणि केस घुबड ओकून टाकतं, त्या या. हातमोजे आणि मास्क घालून एक गोळी कोमट पाण्यात भिजवा, चिमट्याने हळूहळू सोडवा. पुढचे दात नारिंगी असलेला जबडा निघाला तर उंदीर, सगळे दात पांढरे असतील तर चिचुंद्री. ते जबडे कागदावर मांडून सभेत ठेवा. 'घुबड अपशकुनी' म्हणणाऱ्यांनाही सोसायटीचे उंदीर कोण खातंय ते दिसेल.

आंब्यावरचं शिंगळा घुबड. इतका सुटा, शांत सूर पिंगळ्याचा नसतो. पिंगळे जोडीने चिरचिर कलकलाट करतात, तोही बहुतेक तिन्हीसांजेला आणि उजाडायच्या आधी.

कान_टवकारून:
रेकॉर्डिंगबद्दल. बरेच फोन सलग येणारी खरखर पार्श्वभूमीचा गोंगाट समजून कापतात, म्हणून फुत्कार जातो. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये नॉइज रिडक्शन बंद करा, फाइल वॅव्ह ठेवा. फोन हातात धरू नका, बोटांची घासाघीसही त्यात येते. कठड्यावर घडी केलेल्या रुमालावर ठेवा, माइक डक्टकडे. वारा नसताना, पहाटे 4 ते 5 च्या सुमाराला, दोन मिनिटं पुरे. शेवटी तारीख, वेळ, जागा तोंडी सांगून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मर्लिनमध्ये भारताचा पॅक उतरवलाय ना आणि ठिकाण पुणे आहे ना, तेही बघा. तरी अ‍ॅपचं उत्तर अंतिम धरू नका, फाइल कानाने तपासाच.

टेकडीकडच्या बाजूलाही याच वेळी कान द्या. शृंगी घुबडाचा 'बूऽ हूऽ' इतका खालच्या पट्टीत असतो की दिवसभराच्या वाहनांच्या घरघरीत तो बुडून जातो. टेबलावर सोडलेला टेबल टेनिसचा चेंडू टप्पे घेत थांबावा तसं 'चक्-चक्-चक्-र्र्र' आलं तर तो रातवा, घुबड नव्हे, रात्री फिरणारा दुसराच पक्षी. रात्री टिटवीही ओरडते, तिला घुबड समजू नका. आणि कृपा करून फोनवरून घुबडाचा आवाज वाजवून बोलावू नका. जोडीला हद्दीत परका आल्यासारखं वाटतं आणि पिल्लांना भरवायचं सोडून ती त्याच्या मागे लागते.

दुर्बीण_३२:
जाळी आत्ता अजिबात नको. गव्हाणी घुबडाची मादी एकेक अंडं दिवसाआड किंवा त्याहून उशिरा घालते आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते. त्यामुळे एकाच घरट्यात लहानमोठी पिल्लं असतात. थोरलं उडालं तरी धाकटं अजून पिसं फुटण्याच्या बेतात असतं. अंडी उबायला महिनाभर, उडायला पुढे साधारण दोन महिने, आणि उडाल्यावरही काही दिवस पिल्लं मुक्कामाला परत येतात. म्हणून फुत्कार थांबला की लगेच जाळी लावू नका. आठवडाभर रोज सूर्यास्तानंतर तासभर लांबून डक्टवर नजर ठेवा, कोणीच बाहेर पडत नाही याची खात्री झाल्यावरच काम द्या. 1972 च्या वन्यजीव कायद्यात घरटं किंवा अंडी मोडणं हा गुन्हा आहे, हे इतिवृत्तात लिहून घ्या.

औषधाचा धोका मला जाळीइतकाच वाटतो. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त फिरतो. असा उंदीर घुबडाला सहज सापडतो आणि विष पिल्लांच्या पोटात जातं, आतल्या आत रक्तस्राव होतो. चिकट पॅडही नकोत, त्यावर पक्षी अडकतात. पिंजरे लावा, कचऱ्याच्या डब्यांना झाकणं करा.

पिल्लू खाली पडलं तर दूध, पाणी, पोळी काही देऊ नका. भोकं पाडलेल्या खोक्यात कापड घालून अंधारात ठेवा आणि वनविभागाच्या 1926 वर फोन करा.

कोथरूड_गॅलरी:
आभार. डक्ट नंतर बंद करावाच लागेल, तर घुबडांसाठी गच्चीवर खोकं चालेल का?

दुर्बीण_३२:
चालेल, आणि डक्ट बंद करायच्या आधीच लावा. दार 13 बाय 13 सेंमी. दाराच्या खालच्या कडेपासून तळ निदान 45 सेंमी खोल हवा. उथळ खोक्यातून पिल्लं उडता येण्याआधीच दारात येतात आणि खाली पडतात. तोंड ट्यूबलाइटकडे नको.