दुबईत वेल्डरची नोकरी, एजंट 85,000 मागतोय. द्यावेत का?

खेडकर_79: धाकट्या भावासाठी विचारतोय. दहावी, आयटीआय वेल्डर, फॅब्रिकेशनचा पाच वर्षांचा अनुभव. मुंबईच्या एका ऑफिसचा माणूस दुबईचं काम सांगतोय: 1,400 दिरहॅम, दहा तास ड्यूटी. एकूण 85,000, त्यातले 20,000 आणि मूळ पासपोर्ट आत्ताच द्यायचा. आधी व्हिजिट व्हिसावर जायचं, तिथे तो बदलून मिळेल म्हणे.

पावती_हवी: आधी परवाना बघा. 1983 च्या एमिग्रेशन कायद्याखाली अशा एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. ई-मायग्रेट पोर्टलवर यादी आहे. नुसतं नाव सापडून भागत नाही. परवाना चालू आहे का, निलंबित की रद्द, ते बघा आणि पत्ता जुळवा. दुसऱ्याच्या परवान्यावर गावोगाव पैसे गोळा करणारे सबएजंट असतात. म्हणून पोर्टलवर दिलेल्या नंबरवर फोन करून 'हा माणूस तुमचाच का' विचारा, त्याने दिलेल्या नंबरवर नको.

फीची कमाल मर्यादा 30,000 आणि वर 18% जीएसटी, म्हणजे 35,400. तीही पावती घेऊन. 85,000 कुठून आले ते त्याला कागदावर लिहून मागा, बहुतेक तिथेच बोलणं संपेल.

शारजा_रिटर्न: व्हिजिट व्हिसावर काम करणं यूएईत बेकायदा आहे. पकडलं तर दंड, आणि मालकाने पगार बुडवला तर हातात करार नाही. रीतसर पद्धत अशी: तिथल्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर येतं, त्यावर सही होते, मग एंट्री परमिट निघतं, मग विमान. परमिट ऑनलाइन निघतं. पासपोर्टची कॉपी आणि फोटो पुरतात. मूळ पासपोर्ट अडकवून ठेवायचं काही कारण नाही.

1,400 मध्ये बेसिक किती हे विचारलंत का? ग्रॅच्युइटी बेसिकवर मिळते, पहिली पाच वर्षं दर वर्षाला 21 दिवसांची. बेसिक 1,400 असेल तर वर्षाचे 980 दिरहॅम, 800 असेल तर 560. ड्यूटी आठ तासांची असते. वरच्या दोन तासांचे ओव्हरटाइम म्हणून किमान सव्वापट पैसे हवेत. दहा तासांचा पगार एकरकमी सांगतात, तिथे ओव्हरटाइम त्यातच गिळलेला असतो.

आर्गन_रूट: बायोडेटात नुसतं 'वेल्डर' लिहिलं तर एजंट कंपनीला काय पाठवणार? प्रोसेस (आर्गन की आर्क), पोझिशन, पाइपचा व्यास आणि जाडी, मटेरियल, शेवटच्या टेस्टची तारीख, सगळं लिहा. पाइपच्या कामाला ट्रेड टेस्ट बहुधा 6जी असते, म्हणजे 45 अंशात तिरक्या बसवलेल्या पाइपची: आर्गनने रूट (जोडाचा तळचा पहिला थर), 7018 रॉडने फिल आणि कॅप (मधले आणि वरचे थर), मग एक्स-रे. फॅब्रिकेशनवाले प्लेटवर सराईत असतात आणि 45 अंशातल्या पाइपच्या रूटला अडकतात. 7018 ओव्हनमध्ये तापवून न घेतल्यास पोरोसिटी (जोडात बारीक भोकं) येते, तेवढ्यावरही नापास करतात.

खेडकर_79: दहावी पास म्हणजे ईसीआरचा (पासपोर्टवरचा 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' शिक्का) प्रश्न नाही ना?

पावती_हवी: पासपोर्ट काढताना दहावीचं सर्टिफिकेट जोडलं नसेल तर ईसीआर छापलेलं असू शकतं, बघून घ्या. तसं असेल तर एमिग्रेशन क्लिअरन्स (कामासाठी परदेशी जायची सरकारी परवानगी) लागेल, सोबत 10 लाखांचा प्रवासी भारतीय विमा, दोन वर्षांना 275 रुपये. ईसीआर नसेल तर क्लिअरन्सही नाही, म्हणजे करार सरकारी नजरेखालून जात नाही, तो तुम्हालाच वाचावा लागेल.